कटल्याला चमचा कशाला?

रविवारी पहाटे धरणाच्या फुगवट्यावर गाडीच्या डिकीतून एकामागून एक नळकांडी काढणाऱ्या गृहस्थाला मी टॅकलाचार्य म्हणतो (टॅकल म्हणजे मासे पकडण्याचं सामान). ही पदवी विद्यापीठ देत नाही, ती कार्ड घासून मिळते. आचार्यांच्या जाकिटाला जितके खिसे असतात तितके विचार डोक्यात असते तर महाराष्ट्राचं भलं झालं असतं. डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा, हातात सात फुटी कार्बनचा रॉड, रॉडवर जपानी रीळ, पायाशी पेटी. पेटी उघडली की कप्प्याकप्प्यांतून क्रँकबेट, जर्कबेट, स्पिनर, पॉपर, चमचे आणि रबरी बेडूक अशी सगळी लूरांची, म्हणजे नकली आमिषांची, प्रजा झोपलेली. रंगांची नावं ऐकावीत: फायर टायगर, घोस्ट मिनो, इलेक्ट्रिक शॅड. एखाद्या सरदाराच्या फौजेत शोभतील अशी नावं. ही फौज घेऊन आचार्य पाण्याच्या कडेला उभे राहतात आणि समोर पाण्यात असतो कोण? कटला.

कटला हे काय प्रकरण आहे ते त्यांना एकदा कुणीतरी सांगायला हवं. त्याचं तोंड वर वळलेलं असतं, कारण तो वरच्या थरात फिरतो आणि पाण्यातले सूक्ष्म जीव कल्ल्यांच्या चाळणीनं गाळून खातो. रोहू मधल्या थरात वनस्पती नि शेवाळ खातो. मृगळ तळाशी गाळ चिवडत बसतो. आपल्या धरणांत आणि तळ्यांत वर्षानुवर्षं मत्स्यबीज सोडलं जातं ते मुख्यतः या त्रिकुटाचं, आणि तेही विचारपूर्वक. तिघांचे थर वेगळे, जेवण वेगळं, एकमेकांना खाण्याची भानगड नाही. म्हणजे सरकारनं पाण्यात एक जवळजवळ शाकाहारी हाउसिंग सोसायटी वसवली आहे आणि आचार्य तिच्या दारोदार तंदुरीची ताटं फिरवत आहेत. वर तक्रार ही, की आज ‘बाइट’ नाही. वाऱ्याची दिशा चुकली, दाब घसरला, चंद्र बिनसला. चंद्राला यात का ओढता महाराज? त्यानं तुम्हाला क्रँकबेट घ्यायला सांगितलं होतं का?

‘पण मी लूरवर कटला काढलाय!’ असं एखादा आचार्य छातीवर हात ठेवून सांगेल, आणि फोटोही दाखवेल. फोटो नीट बघा. मासा ज्या बाजूनं धरलाय ती बाजू बघा, मग न दाखवलेल्या बाजूचा विचार करा. तीन-तीन टोकांचे दोन गळ लटकवलेली वस्तू माशांच्या घोळक्यातून सरासरा ओढली की ती कुणाच्या तरी पाठीत, पोटात किंवा शेपटीत रुतणारच. याला आमिष घेणं म्हणत नाहीत, अपघात म्हणतात. रस्त्यावर असला अपघात केला तर पंचनामा होतो, इथे लाइक मिळतात. चुकून एखादा रोहू खरोखरच तोंडानं लूर घेतो, नाही असं नाही. पण अपवादाच्या जोरावर पगाराचा चतुर्थांश खर्च करणाऱ्याला हिशेबी माणूस म्हणायचं असेल तर शब्दकोश नव्यानं छापावा लागेल.

हे सगळं सामान मुळात कुणासाठी बनलं? अमेरिकेतल्या तळ्यांत ‘बास’ नावाचा एक मोठ्या जबड्याचा, मोठ्या भुकेचा आणि छोट्या विवेकाचा मासा असतो. तो हलेल त्याच्यावर झडप घालतो. बाजारातल्या लूरांचा, त्यांना जुळणाऱ्या रॉडांचा आणि रॉडवरच्या इंग्रजी अक्षरांचा (मीडियम हेवी, फास्ट अ‍ॅक्शन वगैरे) मोठा भाग त्या माशाच्या स्वभावावर बेतलेला आहे. त्यात वाईट काही नाही. पण भीमेच्या पाण्यात बास नाही. तिथे कटला आहे, रोहू आहे आणि उजनीत तर चिलापीच चिलापी. ही चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि तेव्हापासून तिनं ठिकठिकाणी असा संसार मांडला की मूळच्या माशांनी जागा शोधावी. तिला पकडायला काय लागतं? बारीक गळ, त्यावर गांडुळाचा तुकडा. बस्स. पण गांडूळ हाताला लागतं, आणि आचार्यांचे हातमोजे आयात केलेले असतात.

गंमत अशी की आज काचेच्या कपाटात किल्लीनं उघडून दाखवल्या जाणाऱ्या या लूरांची कुळकथा अगदी गरिबाघरची आहे. चमच्याचंच घ्या. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या ज्युलिओ ब्युएलच्या हातून तळ्यात चमचा पडला आणि बुडत्या चमच्यावर मासा झेपावला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचं राहू द्या, त्याचं पेटंट १८५२ चं आहे. फिनलंडच्या लाउरी रापालानं १९३६ मध्ये काय केलं? कॉर्क कोरून मासा केला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. पोटासाठी मासेमारी करणारा माणूस तो. त्यानं पाहिलं होतं की शिकारी मासा थव्यातल्या लंगड्या, वाकडं पोहणाऱ्या पिल्लावर आधी जातो. सगळी कला त्या लंगडण्यात होती, चांदीत नव्हती. पुढे १९६२ मध्ये ‘लाइफ’च्या ज्या अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच निवर्तलेली मरिलिन मन्रो होती, त्याच अंकात या लूरवर लेख आला. अंक घरोघरी गेला आणि मागणीचा पूर लोटला. म्हणजे मासे पकडायला निरीक्षण पुरलं होतं, गिऱ्हाइकं पकडायला मन्रो लागली.

आता थोडं शास्त्राकडे वळू, कारण आचार्यांना शास्त्राचा फार सोस. दुकानात त्यांना फ्लुरोकार्बनची दोरी दाखवली जाते आणि सांगितलं जातं, ‘सर, पाण्यात अदृश्य!’ अदृश्य? पाण्याचा अपवर्तनांक साधारण १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२ च्या आसपास, साध्या नायलॉनचा १.५३ च्या जवळपास. म्हणजे ती दोरी कमी दिसते, हे खरं. अदृश्य व्हायचं असेल तर दोन्ही आकडे सारखे लागतात, हे दहावीचं पुस्तक सांगतं. चला, कमी दिसते हेही काही थोडं नाही, असं आपण उदारपणे म्हणू. पण त्या कमी दिसणाऱ्या दोरीच्या टोकाला आचार्य काय बांधतात? बोटभर लांबीचा, शेंदरी पोटाचा, हिरव्या पट्ट्यांचा, आत गोळ्या खुळखुळणारा प्लास्टिकचा मासा आणि त्याला सहा टोकं. माशाला हे दिसावं म्हणून पैसे मोजले, दोरी दिसू नये म्हणूनही मोजले. आणि ऑगस्टमधल्या गढूळ पाण्यात, जिथे हात बुडवला तर स्वतःची अंगठी दिसत नाही, तिथे या दोन्ही खर्चांना एकाच वेळी जलसमाधी.

रंगांचंही तेच. स्वच्छ पाण्यात सगळ्यांत आधी विझतो तो लाल. खोल जाल तसा तो काळपट होत जातो. आचार्य मात्र ‘ब्लडी रेड’ आणि ‘क्रिमसन’ यांत कोणता घ्यावा यावर पाऊण तास परिसंवाद घेतात. दुकानदार संयमी माणूस, तो दोन्ही देतो.

रिळाच्या खोक्यावर लिहिलेलं असतं: बेअरिंग १२+१. तो ‘+१’ काय आहे हे विचारा, आचार्य चष्मा काढून पुसू लागतील. तो दांडी उलटी फिरू नये म्हणून बसवलेला असतो. ही माहिती फुकट घ्या आणि पुढच्या वेळी त्यांच्यासमोर वापरा, मजा येते. बाकीच्या बारांतले निम्मे हँडलच्या मुठीत वगैरे जाऊन बसलेले असू शकतात. चांगल्या कारागिरीचे पाच बेअरिंग वाईट कारागिरीच्या बारांना खिशात घालतात, पण खोक्यावर कारागिरी छापता येत नाही, आकडा छापता येतो. मग ड्रॅग. ड्रॅग म्हणजे मासा जोरात पळाला की दोरी तुटण्याऐवजी रिळातून सरकत सुटावी यासाठीचा ब्रेक. तो साधारण दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर लावतात. आचार्यांच्या रिळाचा कमाल ड्रॅग बारा किलो. दोरी नऊ किलोची. गाठ कशीबशी मारलेली, म्हणजे ती आणखी आधी सुटणार. म्हणजे ड्रॅग पूर्ण आवळला तर दोरी तुटेपर्यंत तो सरकणारच नाही. जो ब्रेक दोरी वाचवायला घेतला, तो दोरीचा अंत झाल्यावर कामाला लागणार! पण ‘बारा किलो ड्रॅग’ म्हणताना आवाजाला जी खर्जाची धार येते ती ‘अडीच किलोवर लावलाय’ म्हणताना कशी येणार?

कार्बनच्या रॉडवरही असेच आकडे असतात. चोवीस टन, तीस टन, चाळीस टन. हे रॉड किती वजन उचलतो त्याचे आकडे नाहीत, ते कार्बनच्या ताठरपणाचे आहेत. आकडा वाढला की रॉड हलका आणि ताठ होतो, पण ठिसूळही होतो. गाडीच्या दारात सापडून मोडणाऱ्या रॉडांत महागडे पुढे असतात ते काही नशिबाच्या फेऱ्यामुळे नव्हे. एक गोष्ट मात्र खोक्यावर मोठ्या अक्षरांत असायला हवी, ती बारीक असते: कार्बनमधून वीज वाहते. बॅकवॉटरवरून उच्चदाबाच्या तारा गेलेल्या असतात, जूनमध्ये वर ढग कडकडत असतात, आणि आचार्य सात फुटी वीजवाहक उभा धरून ‘मान्सून बाइट’ची वाट पाहतात. बाइट नक्की मिळेल. कुठून, एवढाच प्रश्न.

इथे तुम्हाला वाटत असेल की आता मी शेजारच्या खडकावर बसलेल्या, हातात बांबूची काठी घेतलेल्या गावातल्या पोराची गोष्ट सांगणार. त्यानं कसा दहा रुपयांच्या गळावर सात किलोचा मासा काढला, आणि आचार्य कसे वरमले. नाही सांगणार. तो पोरगा मासिकांच्या दिवाळी अंकांत फार झाला. खऱ्या पोराच्या काठीला रीळ नसतं, म्हणून मोठा मासा लागला की तंगूस तरी तुटतं किंवा काठी पाण्यात जाते. आणि त्याच गावातले थोर लोक डोहात जिलेटिनच्या कांड्या उडवतात, ओढ्यात ब्लिचिंग पावडर ओततात, आणि चढणीचे मासे अंडी टाकायला ओढ्यांत शिरले की बोटाएवढ्या पिल्लांसकट सगळं गोणीत भरतात. परंपरेचं शहाणपण वगैरे बोलायचं असेल तर आधी त्या गोणीत डोकावून या.

आणि गळाला पिठाचा गोळा लावणारे कणकेवाले? तेही कमी नाहीत. हा लूरवाल्यांचा प्रतिस्पर्धी संप्रदाय. लूरवाल्याचं गुपित निदान पैसे टाकून विकत घेता येतं, कणकेवाल्याचं गुपित त्याच्याबरोबर चितेवर जातं. शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं बेसन, बडीशेप, हिंग, मध, मुंग्यांची अंडी, शिवाय बाटलीतलं काहीतरी, जे थोडं गोळ्यात जातं आणि उरलेलं कुठे जातं ते संध्याकाळी कळतं. गोळा मळताना कुणी जवळ आलं तर पंचानं झाकतात. अरे, पेंड आहे, पारा मारून सोनं करत नाहीस तू! पण एक कबूल करायला हवं. हा संप्रदाय निदान जेवणाऱ्याच्या आवडीचं वाढतो. कटला-रोहूला पेंड आणि पीठ आवडतं. गोळ्यातल्या बाकीच्या सगळ्या गोष्टी त्यांच्या स्वतःच्या समाधानासाठी.

हे ज्ञान काही काल-परवाचं नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, ज्याला सर्वज्ञ म्हणवून घेण्याची हौस होती, त्याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. गळानं मासे धरण्याचा राजाला साजेसा खेळ कसा खेळावा, मासे कोणते, कुणाला काय खायला घालावं, याचा तिथे विचार आहे. लक्षात घ्या, सर्वज्ञ म्हणवणाऱ्या राजाला आठशेहून जास्त वर्षांपूर्वी जो प्रश्न सुचला तो आपल्या आचार्यांना चाळीस टनी रॉड घेऊनही सुचत नाही: हा मासा खातो काय?

साहेबालाही तो सुचला होता, जरा फिरून. कावेरीवर म्हशीर, म्हणजे आपल्या खडसाचा थोरला भाऊ, पकडायला जगभरातून लोक यायचे. त्याच मुलखात १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेननं १२० पौंडांचा म्हशीर काढला आणि त्या आकड्यानं पुढच्या पिढ्यांची झोप उडवली. सत्तरच्या दशकापासून तिथे आलेले इंग्रज उत्तमोत्तम सामान घेऊन आले. आणि शेवटी गळाला काय लावून बसले? नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा. हो, नाचणी. स्थानिक गड्यांनी मळून दिलेली. ते रॉड, ती रिळं, ते विमानाचं तिकीट, आणि टोकाला नाचणीची गोळी! मला ही गोष्ट फार आवडते, कारण यात कुणीच मूर्ख ठरत नाही. भक्कम रीळ हवंच होतं, इतका मोठा मासा त्या प्रवाहात बांबूनं थोपत नाही. पण टोकाला माशाचं जेवण होतं, दुकानदाराचं नव्हे.

खडस लूर घेतो, हेही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी पत्र लिहील. तो फळं खातो, खेकडे खातो, छोटे मासे खातो. वाहत्या पाण्यात चमचा फिरवला तर येतोही. महाडजवळच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या आसऱ्यानं राहणारा खडस भाविकांचे कुरमुरेसुद्धा खातो, आणि तिथे गळ टाकायची छाती कुणाची होत नाही. देवीचा धाक वनखात्याहून मोठा. याच जातीची पहिली शास्त्रीय नोंद कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये केली ती आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या मुठेच्या काठी उभं राहायचं असेल तर रॉडच्या आधी नाकाला लावायला चिमटा घ्या. लोणावळ्याला खडसाची पैदास करून पिल्लं दूरदूर पाठवली गेली, कावेरीतही सोडली. तिथला मूळचा कुबडा म्हशीर आता नामशेष होण्याच्या टोकावर आहे आणि संशोधक त्याच्या कारणांत आपल्या पाहुण्यांचंही नाव घेतात. म्हणजे ‘आम्ही मासे सोडले’ हे वाक्य ऐकलं की टाळ्या वाजवण्याआधी कुठले आणि कुठे, हे विचारावं.

तर मग लूर टाकायचा कुणाला? मरळीला. इथे आचार्यांचं सामान अचानक शहाणं होतं. मरळ शिकारी आहे. जलपर्णीच्या आणि शेवाळाच्या गर्दीत दबा धरते, बेडूक दिसला की पाणी फोडून वर येते. गढूळ पाण्यात डोळ्यांना दिसलं नाही तरी अंगावरच्या पार्श्वरेखेनं तिला हालचाल कळते. त्यामुळे पोकळ रबरी बेडूक, त्याला पाठीशी दडलेले दोन गळ म्हणजे पाल्यात अडकत नाही, ताठ रॉड, जाड विणलेली दोरी. इथे बारीक दोरीचा नाजूकपणा चालत नाही, कारण लागल्याबरोबर ती पाल्यात घुसते आणि तिला तिथून उचलूनच काढावं लागतं. रंग? कोणताही. बेडूक हलला पाहिजे. पेटीतल्या सगळ्या प्रजेतून हा एक नोकर ठेवा, बाकीच्यांना पेन्शन द्या.

पण थांबा. इथेच आचार्यांची खरी शोभा होते. पावसाळ्यात मरळीची पिल्लं पाण्याच्या पृष्ठभागाशी लालसर घोळका करून फिरतात आणि आईबाप खाली राखण करत असतात. मरळ त्या दिवसांत भुकेपोटी नव्हे, पिल्लांवर आलेलं संकट म्हणून समोर येईल त्याच्यावर तुटून पडते. आचार्य काय करतात? बरोबर त्या लाल घोळक्यात बेडूक टाकतात. हमखास मासा! मग हाच गृहस्थ जाळं टाकणाऱ्या भोयाला ‘अनस्पोर्टिंग’ म्हणतो. भोयी पोटासाठी टाकतो हो, आणि तो खेळ आहे असं म्हणत नाही. पिल्लं राखणाऱ्या बापाला काढून, त्याला ओठाला धरून उन्हात लटकवून, कोरड्या हातांनी अंगावरचा चिकट थर पुसून, चार कोनांतून फोटो काढून, मग पाण्यात सोडून खाली लिहायचं: ‘कॅच अँड रिलीज. रिस्पेक्ट द फिश.’ तेवढ्या वेळात घोळक्याचं काय झालं, हे फोटोत येत नाही. पिल्लं फस्त करायला बाकीच्या माशांना तेवढा आदर पुरेसा असतो.

सोडायचाच असेल तर एक उपाय आहे आणि तो फुकट आहे, म्हणूनच कुठल्याही दुकानात मिळत नाही. गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो तो पकडीनं दाबून सपाट करायचा. गळ पटकन निघतो, मासा कमी फाटतो, आणि तुमच्याच बोटात घुसला तर डॉक्टरकडे जावं लागत नाही. गेल्या पावसाळ्यात एका आचार्यांपुढे मी माझी पक्कड धरली. त्यांनी आधी पकडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पेटीतल्या त्या चकचकीत गळाकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘अहो काका, काटा दाबला तर वॉरंटी जाईल ना.’